साबणवाल्याने बुजवलेली खिडकी

आमचे मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी आयुष्यात कुणाच्या हातावर पट्टी मारली नाही की कुणाची वही तपासली नाही. ते गाईड. शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना सकाळी साडेआठला हॉटेलातून घ्यायचं, दिवसभर जुनं शहर दाखवायचं आणि दिवेलागणीच्या आत परत पोचवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यातली सव्वीस वर्षं गाडी माझी. पाहुण्यांना प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहायची त्यांना खोड, म्हणून आम्ही ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव मास्तर ठेवलं. पुढे त्यांची बायकोही त्यांना मास्तरच म्हणायला लागली, तेव्हा खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं असेल.

मला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. राजे किती झाले विचाराल तर मी डोकं खाजवीन. पण कुठल्या राजाच्या दरवाजासमोर गाडी लावली की पोलीस पावती फाडतो, ते मला झोपेतून उठवून विचारा. मास्तरांचं आणि माझं जमलं ते त्यामुळेच. ते मागच्या तीनशे वर्षांचं बघायचे, मी पुढच्या तीनशे फुटांचं.

बाकीचे गाईड शहर इतिहासाच्या क्रमाने दाखवतात. आधी पहिला राजा, मग दुसरा, मग तिसरा, आणि तिसऱ्यापर्यंत पाहुणा घामाने निथळलेला असतो. मास्तर शहर सावलीच्या क्रमाने दाखवायचे. सकाळी पूर्वेचा तट, तोही आतल्या बाजूने, कारण तेव्हा तिथे ऊन पोचत नाही. मग मनोरा. बारा वाजता पायऱ्या उतरून जमिनीखालचा हौद, तिथे भर दुपारी अंगावर शहारा येतो. मग जेवण. आणि तीननंतर गल्ल्या, कारण तोवर घरांच्या सावल्या रस्त्यावर आलेल्या असतात. उपाशी माणसाला आणि उन्हातल्या माणसाला इतिहास सांगू नये, असं ते म्हणायचे. कुठल्या दुकानदाराकडे संडास स्वच्छ आहे आणि तो कुणाला नाही म्हणत नाही, हेही त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं. त्या वहीतलं ते पान मला राजांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटायचं, आणि पाहुण्यांनाही.

चालायचे ते उलटे. तोंड पाहुण्यांकडे, पाठ रस्त्याकडे, आणि बोलत बोलत मागे मागे जायचे. पायरी कुठे आहे, गटाराचं झाकण कुठे हलतं, सगळं टाचांना पाठ. एकतीस वर्षांत एकदाच पडले, तेही घरी, न्हाणीघरात. मी गाडी मनोऱ्याखाली लावून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून चालायचो. त्याची गरज नव्हती, पण गाडीत बसून तरी काय करायचं?

आणि माणूस असा, की माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणणार. पाहुण्याने विचारलं, हा खांब किती जुना, की दुसरा गाईड ठोकून देतो, सहाशे वर्षं. मास्तर म्हणायचे, दोन जण दोन आकडे सांगतात, मला ठाऊक नाही. आम्ही हसायचो. धंद्याला बसलेला माणूस ठाऊक नाही म्हणतो का कधी? एवढ्या खऱ्या माणसाने आयुष्यात एकच खोटं सांगितलं. ते माझ्यामुळे, आणि तेच त्यांना नडलं.

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा, बायको आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी, असे पाहुणे होते. दुपारी शेवटची गल्ली बघून झाली आणि मी पुढे होऊन गाडीपाशी येऊन बघतो तर मागचं चाक बसलेलं. स्टेपनी आदल्या दिवसापासून पंक्चरवाल्याकडे पडलेली. आणतो आणतो म्हणून मी आणली नव्हती, आळस, दुसरं काय. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन मास्तरांना हातानेच खूण केली, की अर्धा-पाऊण तास सांभाळा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

मुलगी कंटाळून एका घराच्या भिंतीलगतच्या पायरीवर बसली होती. त्या घराच्या गल्लीकडच्या भिंतीत एक बुजवलेली खिडकी होती. विटा लावून वरून गिलावा आणि चुना. मधोमध मूठ जाईल एवढं एक भोक. मुलीने विचारलं, हे काय आहे? मास्तरांना ते काय आहे हे पक्कं माहीत होतं, आणि मलाही. घर एका साबणवाल्याचं होतं. समोरच्या बेकरीचा धूर घरात येतो म्हणून त्या बाबाने स्वतः ती खिडकी बुजवली होती आणि रेडिओची तार बाहेर काढायला भोक ठेवलं होतं. आम्हाला त्यानेच सांगितलं होतं. पण पाऊण तास त्या धुरावर कसा निघणार?

मग मास्तरांनी गोष्ट रचली. शहराला वेढा पडलेला. पकडलेले शत्रूचे शिपाई या गल्लीत साखळीने बांधलेले, आणि राजाचा हुकूम की त्यांना कुणी पाणी द्यायचं नाही. या घरात एक पाणक्या राहायचा. त्याची मुलगी खिडकीतून पेला बाहेर काढून त्या शिपायांना पाणी पाजायची. राजाला कळलं. पोर लहान, तिला शिक्षा काय करणार? म्हणून त्याने गवंडी पाठवला आणि खिडकी बुजवायला सांगितली. गवंड्याने विटा रचत आणल्या, आणि शेवटच्या विटेच्या जागेतून त्या मुलीचा हात बाहेर आला, हातात पेला. गवंडी वीट घेऊन दिवसभर उभा राहिला. हात काही आत जाईना. संध्याकाळी राजा स्वतः आला, बघत राहिला आणि म्हणाला, राहू दे तेवढी जागा.

ती पाहुणी मुलगी उठली आणि तिने आपला हात त्या भोकात घातला. तिची आई रडायला लागली. मी तोवर स्टेपनी घेऊन आलो होतो, घामाघूम, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला खरं काय ते माहीत असून! साबणवाला वर गच्चीत उभा राहून सगळं ऐकत होता. पाहुणे गेल्यावर तो पोट धरधरून हसला.

तिथेच ते संपायचं. पण महिन्याभराने दुसरे पाहुणे आले आणि म्हणाले, ती हाताची खिडकी दाखवा. पहिल्यांनी त्यांना सांगितलं होतं. तेव्हाच मास्तरांनी कानावर हात ठेवायला हवे होते. नाही ठेवले. लोक रडायचे हो. आपल्या बोलण्याने माणूस रडतो हे एकदा कळलं की भल्याभल्यांना तोंड आवरत नाही, आणि मास्तरही शेवटी माणूसच. मग इतर गाईडांनी गोष्ट उचलली. मग एका पुस्तिकेत छापून आली. मग गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. राईचा पर्वत झाला, आणि त्याखाली आम्ही दोघं मूग गिळून उभे. साबणवाला वारला. बेकरी बंद पडली. आता खरं जाणणारे आम्ही दोघंच उरलो.

साबणवाल्याच्या मुलाने घर विकलं ते रफूवाल्या मावशींना. अठरा वर्षं झाली त्याला. मावशींचे यजमान आधीच गेलेले, मुलगा दूर नोकरीला. खाली एक खोली, वर एक. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला खिळा लागला, की लोक मावशींकडे यायचे. त्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायच्या आणि आडवे-उभे विणून भोक असं भरायच्या, की होतं कुठे ते कळू नये. घराचं दार बाजूच्या बोळात, बोळावर छप्पर, आणि खिडकी ही अशी. त्यामुळे भर दुपारी दोन वाजताही त्यांच्या डोक्यावर पिवळा बल्ब जळत असायचा. बाहेर पाहुणे भिंतीकडे बघून डोळे पुसायचे, आत मावशी त्याच भिंतीला पाठ लावून काम करायच्या. मास्तर स्वतः आले असले तर मात्र सुई खाली ठेवून बोळाच्या तोंडाशी येऊन गोष्ट ऐकायच्या. शंभरदा ऐकली असेल.

मागच्या वर्षी मावशींना नोटीस आली. कागदावरची भाषा कचेरीतली, म्हणून त्यांनी मास्तरांना वाचायला दिली. मास्तरांनी एकदा मनात वाचली, मग मोठ्याने. जुन्या वास्तू सांभाळणारं जे खातं आहे त्याने ते घर ऐतिहासिक म्हणून ताब्यात घ्यायचं ठरवलं होतं. मावशींना शहराबाहेर नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळणार होती. मावशी रडल्याबिडल्या नाहीत. म्हणाल्या, एक भोक भरून घ्यायला चौथा मजला कोण चढणार आहे, मास्तर? आणि पुन्हा कामाला बसल्या.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, आता सांगून टाका. मास्तर म्हणाले, सांगितलं तर बिल्ला जाईल. ते खरं होतं. दर तीन वर्षांनी गाईडांचा बिल्ला नवा होतो तेव्हा एका कागदावर सही करावी लागते, की रचलेला इतिहास सांगणार नाही. आणि बिल्ला गेला की मास्तर कोण? छातीवरचा तो पितळी तुकडा काढला तर त्या माणसाजवळ घरी सांगायलासुद्धा काही उरत नव्हतं. मी पुढे बोललो नाही. महिनाभर ते गप्प राहिले आणि मी त्यांच्यावर चिडत राहिलो, आणि चिडता चिडता स्वतःही गप्पच राहिलो. रात्रीचे उठून बसतात, जेवण निम्मं टाकतात, असं वहिनी मला फोनवर सांगायच्या. मी म्हणायचो, उन्हाळा आहे.

आणि एके दिवशी एकट्या बाई पाहुण्या आल्या, पूर्ण दिवसासाठी. पन्नाशीच्या, सपाट बूट, हातात वही. पाहुणा म्हटलं की आधी फोटो. या बाईंनी सकाळपासून एकही फोटो काढला नाही. तटाला हात लावून बघायच्या, दगडाच्या सांध्यात नख घालायच्या आणि वहीत लिहायच्या. मास्तरांनी दोन ठिकाणी ठाऊक नाही म्हटलं तर त्या खूश झालेल्या दिसल्या. मला मात्र धाकधूक वाटायला लागली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या त्याच खात्यातल्या होत्या, आणि घराच्या कागदांवर शेवटची सही त्यांची व्हायची होती. सही करण्याआधी एकदा सगळं डोळ्यांनी बघावं म्हणून स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या. चौकशी केली तर सगळे म्हणाले, त्या खिडकीची गोष्ट ऐकायची तर मास्तरांकडून ऐका. एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

मास्तरांच्या ताटातला घास तसाच राहिला. आता गंमत बघा, महिनाभर सांगा सांगा म्हणून मागे लागलेला मी, पण समोर साक्षात सही करणारी बाई बघून माझीच तंतरली. मी म्हणालो, मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज गोष्ट सांगून मोकळे व्हा, मग आपण निनावी पत्र टाकू. बिल्लाही राहील, घरही राहील. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तीन वाजत आले. गल्लीत सावली आली असेल, चल."

गल्लीत ते नेहमीसारखे उलटे चालले नाहीत. सरळ चालले, आमच्याकडे पाठ करून. खिडकीपाशी थांबले. बाईंनी वही उघडली. मास्तरांचा आवाज ऐकून मावशी बोळाच्या तोंडाशी आल्या, बोटाला सुईची टोपी तशीच.

मास्तरांनी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, आणि मी सव्वीस वर्षांत त्यांना इतकं चांगलं बोलताना ऐकलं नाही. साखळ्या, पेला, गवंडी, राजा. राहू दे तेवढी जागा, इथपर्यंत आले. बाईंनी नाक पुसलं. मला वाटलं, सुटलो.

मास्तर म्हणाले, "बाई, हे सगळं मी रचलेलं आहे. यातलं काहीही घडलेलं नाही."

मग त्यांनी साबणवाला सांगितला, बेकरीचा धूर सांगितला, रेडिओची तार सांगितली. बाई ऐकून घेत होत्या, पण त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. उलट त्या मवाळ झाल्या. म्हणाल्या की तुम्हाला या आजींची दया येते हे मला समजतं, अशी चांगली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. पण माझ्याकडे छापील पुस्तिका आहे, सात गाईडांचे लेखी जबाब आहेत. मास्तर म्हणाले, ते सातही जण माझ्याकडून शिकले, आणि पुस्तिका लिहिणाराही याच पायरीवर बसला होता. बाईंनी हळूच मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं.

मग माझ्याने राहवेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "पंक्चर माझं होतं, मॅडम." त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी स्टेपनीपासून सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं एकाच गाडीतले. झालं! आयुष्यभर एक खोटं सांगितलं ते सगळ्या जगाला पटलं, आणि आज खरं सांगतोय तर एक माणूस ऐकायला तयार नाही.

मावशी बोळातून पुढे आल्या. त्यांनी मास्तरांना विचारलं, "ती मुलगी नव्हतीच?"

"नव्हती, ताई."

"आणि हात?"

"तार होती. रेडिओची."

मावशींनी त्या भोकाकडे बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, गाडीत काही हत्यार आहे का. मी जॅकचा दांडा आणि मोठा पेचकस घेऊन आलो. त्या आम्हा तिघांना आत घेऊन गेल्या.

इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं. बल्ब, त्याखाली पाट, पाटाशेजारी दोऱ्यांच्या डब्या, मांडीवरून उतरवलेला कुणाचा तरी काळा कोट. आणि त्या भोकाच्या आतल्या कडेला स्टीलचा एक छोटा पेला, पाण्याने भरलेला. मास्तरांनी तो बघितला आणि भिंतीला हात टेकला. मावशी म्हणाल्या, रोज सकाळी भरून ठेवते. सांगायचं म्हणून सांगत होत्या, कुणाला ऐकवायला नाही. मुलगा दर वेळी आला की म्हणायचा, आई, ही खिडकी फोडून घे, डोळे जातील तुझे. त्याला त्यांनी एकदाही फोडू दिली नव्हती. त्या पोरीचा हात जिथे थांबला तिथे मी घण घालू का, असं विचारून त्याला गप्प बसवायच्या.

त्यांनी पेला उचलून दोऱ्यांच्या डबीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, मारा.

मी आधी पेचकसने गिलावा उकरला, मग भोकाच्या कडेला दांडा लावून ठोकलं. तिसऱ्या घावाला एक वीट हलली. ती मी हाताने सोडवून बाहेर काढली आणि बाईंच्या हातात दिली. त्यांनी पदराने धूळ पुसली. विटेच्या पाठीवर भट्टीचा शिक्का होता, चौकोनात दोन ठसठशीत इंग्रजी अक्षरं आणि खाली टेलिफोनचा पाच आकडी नंबर. आता राजाच्या काळात टेलिफोन असेल तर गोष्ट वेगळी.

बाईंनी दिवसातला पहिला फोटो काढला तो त्या विटेचा. मग भोकात हात घालून शेजारच्या विटांना बोटं लावून बघितली.  शेवटी मावशींना म्हणाल्या की हे घर यादीतून निघेल, तुम्ही इथेच राहा. मास्तरांकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. म्हणाल्या, पण मग मला तुमच्याबद्दलही लिहावं लागेल. मास्तर म्हणाले, लिहा. बाईंना बरं वाटावं म्हणून, की मनापासून, कोण जाणे, पण सकाळपासून इतका हलका मास्तरांचा चेहरा मी बघितला नव्हता.

मला वाटलं मावशीही खूश होतील. घर वाचलं होतं. पण त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. वीट निघाली होती तिथून गल्लीतला उजेड आत आला होता. ऊन नव्हे, सावलीतला साधा उजेड, पण त्या काळ्या कोटावर पडला होता. मावशी वाकून आपण केलेला रफू बघत होत्या. मग त्यांनी कोट उचलला, उजेडाजवळ नेला, पुन्हा बल्बखाली आणला, पुन्हा उजेडात नेला.

"हा दोरा निळा आहे," त्या म्हणाल्या.

काळ्या कोटावर गडद निळ्या दोऱ्याचा ठिपका. आतल्या शिवणीत दोरा पुरला नाही म्हणून डबीतला घेतला होता, आणि पिवळ्या बल्बखाली उतारवयातल्या डोळ्यांना तो काळाच दिसत होता. मावशींनी एक एक डबी उघडून उजेडात धरली. तपकिरीत जांभळा निघाला. काळ्यात निळा, हिरवासुद्धा. तेव्हा त्या थोडं थोडं बोलल्या. चार-पाच वर्षं लोक तक्रार करत होते, मावशी, रफू दिसतो. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली होती. मावशींना कुणाचा राग नव्हता. त्या धरून चालल्या होत्या की आता वय झालं, आपला हात गेला.

"हात नव्हता गेला माझा," त्या म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "मला तरी सांगायचं होतं ना हो, मास्तर. मी कुणाला बोलले नसते."

आवाज चढला नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं ज्या माणसाचं तोंड बंद झालं नाही तो तिथे नुसता उभा होता, आणि मी हातातला दांडा उगाच पुसत होतो. बाईंनी आम्हाला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही बाहेर आलो.

पंधरा दिवसांत मास्तरांचा बिल्ला गेला. तारीख नेमून कचेरीत बोलावलं, दोन प्रश्न विचारले आणि टेबलावर ठेवून घेतला. उरलेल्या विटा आम्ही दोघांनी एका रविवारी काढल्या. मावशींच्या मुलाने चौकट आणि गज पाठवले होते, ते सुताराने बसवले. मावशींनी आम्हाला चहा दिला, पण मास्तरांशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, तेही गजांबद्दल. पाटी काढली तरी बाकीचे गाईड अजून तिथे थांबतात आणि तीच गोष्ट सांगतात, आता उघड्या खिडकीसमोर. मावशी आतून मान वर न करता म्हणतात, साबणवाल्याने बुजवली होती, पुढे चला. पाहुणे हसतात, त्यांना वाटतं म्हातारी गमतीशीर आहे.

मी आता दुसऱ्या गाईडबरोबर फिरतो. तो इतिहासाच्या क्रमाने दाखवतो, काय बोलायचं! मास्तर घरी होते. वहिनी म्हणायच्या, यांना बाहेर काढा, हे मला स्वयंपाकघर उलटं चालत दाखवायला लागले आहेत. म्हणून तीनेक महिन्यांनी एका दुपारी मी त्यांना ओढून गल्लीत नेलं. अंगात तोच गाईडचा राखाडी कोट होता. छातीवर जिथे बिल्ला टाचायचे तिथे एकतीस वर्षांच्या पिनेने कापड विरून रुपयाएवढी चाळण झाली होती.

मावशी खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग कोटाकडे, आणि गजांमधून हात बाहेर काढला. "काढा तो," म्हणाल्या.

मास्तरांनी कोट काढून दिला आणि नुसत्या सदऱ्यानिशी त्याच पायरीवर बसून राहिले. मावशींनी आतल्या शिवणीतून दोरे काढले, दोन दोरे उजेडात धरून पारखले, एक टाकून दिला. तासभर लागला.  मग कोट गजांमधून परत आला.

मास्तरांनी तो मांडीवर पसरला आणि छातीची जागा बोटांनी चाचपायला लागले. डावीकडे, उजवीकडे, उलटा करून, सुलटा करून. मीही वाकून बघितलं. बिल्ला कुठे होता ते दोघांनाही सापडेना.

"दिसतोय का रफू?" मावशींनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "नाही, ताई." आणि कोट तोंडावर धरून रडायला लागले.  थोड्या वेळाने मावशींनी पाण्याचा पेला भरून गजांमधून बाहेर धरला, आणि मास्तरांनी तो घेतला.